जन्मस्थळ

कुणी विचारलं तर, ओपल, सांग: रस्त्यात.
रस्त्यात म्हणजे नक्की कुठे, ते मला विचार.
गाडी मी चालवत होते.

आपल्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग
त्या मार्चमध्ये बंद झाला.
इमारत उभी आहे. भिंतीवरची अक्षरं काढून नेली,
पण विटांवर त्यांच्या जागा राहिल्यात, फिकट,
तसबीर उतरवल्यावर राहते तशी.
उन्हं कलली की सगळा शब्द वाचता येतो.
हिशोब बसत नाही, म्हणाले.
वर्षाला एकशे अकरा बाळं,
त्यातली निम्म्याहून जास्त सरकारी विम्याची,
एवढ्यासाठी रात्रभर डॉक्टर जागा ठेवायचा?
खाटा ट्रकमध्ये चढवायला मीही हात लावला.
एकीचं चाक कुरकुरत होतं.
सव्वीस वर्षांपूर्वीही तसंच कुरकुरायचं,
माझा मुलगा झाला तेव्हा.

मग उरले एकाहत्तर मैल.
दोन घाट, कोळशाच्या ट्रकांनी खचवलेला उतार,
आणि मधला अर्धा तास
ज्यात फोनला कुणीच सापडत नाही.

तुझ्या आईचं आधीच एक पत्र चुकलं होतं.
पुरानं किर्स्टीचं घर नेलं,
पत्रपेटी मात्र खांबावर तशीच उभी राहिली,
चिखलाने माखलेली, झाकण उघडं.
पोस्टमन इमानदार. त्याने पत्र पेटीत टाकलं.
'तीस दिवसांत कळवा,' असं त्यात होतं.
ती तेव्हा शाळेच्या जिममध्ये खाली झोपत होती.
कळवलं नाही, म्हणून नाव कमी झालं.
तू पोटात आहेस हे समजलं
तेव्हा तुझी आई कुठल्याच यादीत नव्हती.
यादीत परत यायला कागद फिरत राहिले.
पहिली तपासणी झाली पाचव्या महिन्यात.

त्या रात्री तिने फोन केला तो मला, घरच्या नंबरावर.
कळा किती मिनिटांनी येतात, मी विचारलं.
तिने विचारलं, व्हर्ना, गाडीचे किती पडतील?

मागे डेल्मर होता, बावीस वर्षांचा.
बाळंतपण त्याने एकदाच केलेलं,
रबरी बाहुलीचं, परीक्षेसाठी.
दुसऱ्या घाटाखाली तो ओरडला, थांबव.
मी थांबवली.
मैलाचा खांब त्रेचाळीस,
समोर बंद पडलेला पेट्रोल पंप,
काचेमागे अजून मागच्या वर्षीचे भाव.
मी मोठे दिवे चालू ठेवले आणि मागे गेले.
तू आलीस. रडली नाहीस. मग रडलीस.
आणि रक्त थांबेना.
त्यानंतरचे अठ्ठावीस मैल मी कसे कापले
ते तुला सांगणार नाही.
तुझी आई वाचली.
त्या वर्षी सगळ्याजणींचं तसं झालं नाही,
पण ते तू मोठी झाल्यावर.

कार्यालयातल्या बाई वाईट नव्हत्या.
जन्मस्थळाच्या चौकटीपाशी पेन थांबवून म्हणाल्या,
गावाचं नाव हवं. खांबाला गाव नसतं.
मग नियम वाचून दाखवला:
चालत्या वाहनात जन्मलेलं मूल
जिथे पहिल्यांदा खाली उतरवलं, तिथलं धरायचं.
तसं तुझ्या दाखल्यावर त्या शहराचं नाव चढलं
जिथे आपलं कुणीही राहत नाही.

पण गाडी चालती नव्हती, ओपल.
मी थांबवली होती.
हॅण्डब्रेक ओढलेला होता.
हे मी त्या बाईंना दोनदा सांगितलं.

डेल्मर गेला. गोदामात लागलाय,
तिथे तासाला चार डॉलर जास्त मिळतात
आणि खोक्यांतून रक्त येत नाही.
त्याची जागा अजून रिकामी आहे.
तुझ्या मावशीला आठवा लागलाय.
रोज संध्याकाळी, काम असो नसो,
मी टाकी काठोकाठ भरून ठेवते.